घाटाखालचा खरप्या, घाटावरचा खरप्या

बुलढाणा जिल्ह्यात एखाद्या नाल्याचे पाणी कुठे जाते हे सांगायचे, तर आधी तो घाटाखालचा की घाटावरचा हे ठरवावे लागते. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर हे घाटाखालचे तालुके. त्यांचे पाणी ज्ञानगंगा, मन, नळगंगा अशा नद्यांनी पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्रात उतरते. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा हे घाटावरचे. तिथले पाणी पैनगंगेने किंवा खडकपूर्णेने गोदावरीत जाते आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. दोन्ही बाजूंच्या नद्यांत, तलावांत आणि कालव्यांत तळाच्या वाळूला पोट टेकून बसणारा, चपट्या डोक्याचा, पुढे आलेल्या खालच्या जबड्याचा एक मासा सापडतो. मराठीत त्याला ठिकठिकाणी खरपा, खरप्या, खरबी असे म्हणतात. बहुधा तो तळहाताएवढाच असतो. बाजारात त्याला मरळ किंवा वामीसारखा मान नाही. जाळ्यात आलेल्या बारीक मासळीच्या वाट्यात तो जातो. महाराष्ट्रातल्या मत्स्ययाद्यांत त्याच्यापुढे एकच शास्त्रीय नाव लिहिलेले असते : ग्लॉसोगोबियस गिउरिस.

हे नाव कितपत बरोबर आहे, हा या आढाव्याचा विषय आहे. प्रश्न लहान वाटतो, पण खरप्या ज्या गटात मोडतो त्या गोबी माशांच्या वर्गीकरणातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्यात एकत्र येतात : जुनी वर्णने, हरवलेले नमुने, बदलते रंग, समुद्राशी असलेले नाते आणि आता जनुकांचा पुरावा. उपलब्ध पुराव्यावरून माझे मत असे झाले आहे की गंगेपासून दख्खनपर्यंतच्या सगळ्या खरप्यांना एकच जात मानणे ही सोयीची मांडणी आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही; आणि ती तपासायची तर सुरुवात मोठ्या खाडीपेक्षा घाटाच्या या दोन उतारांवर करणे अधिक फायद्याचे ठरेल. विरुद्ध बाजूची मतेही वजनदार आहेत, म्हणून ती क्रमाने पाहू. एक खुलासा आधीच करतो. मराठी परिभाषेप्रमाणे इथे ‘जाती’ म्हणजे एकाच प्रकारच्या जिवांचा गट, ‘प्रजाती’ म्हणजे जवळच्या जातींचा समूह आणि ‘कुल’ म्हणजे त्याहून वरची पायरी असा अर्थ धरला आहे.

नाव कुठून आले

गोबी माशांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात लिनीयसच्या १७५८ च्या ग्रंथापासून होते. युरोपच्या किनाऱ्यावरचा काळा गोबी त्याने गोबियस नायजर या नावाने नोंदवला. पुढची शंभर वर्षे जगात कुठेही, पोटाखालचे पर एकमेकांना जुळून वाटीसारखे झालेला मासा सापडला की तो गोबियस या एका प्रजातीत जाऊन बसे. भारतातला खरप्याही तसाच बसला. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात गोबियस गिउरिस हे वर्णन आहे. हाच मासा बंगालमध्ये बेले म्हणून ओळखला जातो. हॅमिल्टन यांनी माशांची उत्तम चित्रे काढवून घेतली होती, पण १८१५ मध्ये भारत सोडताना ती चित्रे गव्हर्नर जनरलच्या हुकमाने कलकत्त्यातच ठेवून घेतली गेली. ग्रंथ छापताना त्यांच्या हाताशी सगळी सामग्री नव्हती. सुंदरलाल होरा यांना विसाव्या शतकात कलकत्त्यातल्या त्या चित्रांचा नव्याने अभ्यास करून कोणते चित्र कोणत्या माशाचे, हे लावावे लागले. त्याहून मोठी अडचण अशी की गिउरिसचा मूळ नमुना कुठल्याही संग्रहालयात असल्याचे माहीत नाही. म्हणजे ज्या माशाशी ताडून ‘हा गिउरिस’ असे म्हणायचे, तो मासाच नाही. आहे ते वर्णन, चित्र आणि गंगेचे नाव.

दख्खनचा खरप्या शास्त्रात वेगळ्या वाटेने आला. कर्नल विल्यम हेन्री साइक्स मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत होते आणि त्या कामात त्यांनी इथले पक्षी, प्राणी, मासे टिपले. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात १८३९ मध्ये त्यांची दख्खनच्या माशांची संक्षिप्त वर्णने छापली गेली, आणि १८४१ मध्ये चित्रांसह सविस्तर लेख आला. साइक्स यांची एक सवय मराठी वाचकाला आवर्जून सांगावी अशी आहे. कोळ्या-भोयांच्या तोंडी जे नाव असेल, तेच ते लॅटिन साच्यात बसवत. खुदरी, मुसुल्ला, कोळस, ताकरी, शिंघाळा ही नावे अशीच शास्त्रात गेली आणि आजही तिथे मान्य आहेत. याच यादीत गोबियस कुर्पा हे नाव आहे. ते आपल्या खरपा या शब्दाचेच इंग्रजी कानाने टिपलेले रूप असल्याचे मानायला पूर्ण जागा आहे.

पुढे मात्र कुर्पा हे नाव मागे पडले. फ्रान्सिस डे यांनी १८७५ ते १८७८ या काळात भारतातल्या माशांवरचा मोठा ग्रंथ सिद्ध केला आणि गिउरिस हे नाव साऱ्या देशासाठी रूढ झाले. १८५९ मध्ये अमेरिकेतल्या थिओडोर गिल यांनी जिभेचे टोक दुभंगलेल्या गोबींसाठी ग्लॉसोगोबियस ही वेगळी प्रजाती केली होती. नावातला ‘ग्लॉसो’ म्हणजे ग्रीकमधली जीभ. १९४१ मध्ये कूमान्स यांनी भारतातल्या गोबी माशांचा स्वतंत्र आढावा भारतीय संग्रहालयाच्या प्रकाशनात मांडला. त्यानंतरच्या याद्यांत कुर्पा हे गिउरिसचे समनाम, म्हणजे त्याच जातीचे नंतर दिलेले जादा नाव, म्हणून राहिले. प्राणिनामकरणाच्या नियमांप्रमाणे आधीचे नाव टिकते, त्यामुळे दोन्ही मासे एकच असतील तर १८२२ ने १८३९ वर मात करणे योग्यच आहे. वाद आहे तो त्या ‘असतील तर’ या शब्दांवर.

ओळख कशी पटते

नदीकाठी उभ्या असलेल्या माणसाला खरप्या कुलापर्यंत ओळखणे अवघड नाही. मरळीच्या पाठीवर एकच लांब पर असतो, मुरीच्या तोंडाभोवती मिशा असतात, शिंगटीला काटा आणि लांब मिशा दोन्ही असतात. खरप्याच्या पाठीवर दोन सुटे पर असतात, मिशा नसतात, अंगावर खवले असतात आणि पोटाखाली दोन पर जुळून झालेली वाटी असते. बहुतेक माशांच्या कुशीवर दिसणारी पार्श्वरेषा त्याच्या अंगावर नसते. एवढ्यावर गोबी ठरतो. प्रजातीसाठी तोंड उघडून जीभ पाहायची : टोक दोन पाळ्यांत विभागलेले असेल आणि खालचा जबडा वरच्याच्या पुढे असेल, तर ग्लॉसोगोबियस. इथवर फारसे मतभेद नाहीत.

जाती ठरवताना मात्र वाट निसरडी होते. रूढ पद्धतीत काटे, किरण आणि खवले मोजतात. पहिल्या पाठपराला सहा काटे, दुसऱ्याला एक काटा आणि आठ-नऊ किरण, कुशीवर एका ओळीत तीसहून थोडे अधिक खवले, अंगावर पाच-सहा गडद डाग. पण ग्लॉसोगोबियस प्रजातीत तीसहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येकांचे हे आकडे एकमेकांवर चढतात. रंगावर तर अजिबात विसंबता येत नाही. वाळूवरचा खरप्या फिकट आणि गाळातला काळपट दिसतो, धरल्यावर काही मिनिटांत रंग उडतो, आणि बरणीत वर्षभर राहिलेला मासा एकसारखा तपकिरी होतो. त्यात पिल्लांची भर. १९८३ मध्ये भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरून ग्लॉसोगोबियस मायन्यूटस ही अगदी बारीक जाती वर्णिली गेली. पूर्ण वाढूनही जो मासा दुसऱ्या जातीच्या पिल्लाएवढाच राहतो, तो यादीत ‘गिउरिस, पिल्लू’ म्हणून सहज निघून जातो. म्हणून बारीक गोबी हाती आला की तो प्रौढ आहे का, हा पहिला प्रश्न असावा. गुदद्वारामागची जननअंकुराची गाठ नरात टोकदार आणि मादीत बोथट असते, आणि मादीचे पोट उघडल्यावर पक्व अंडी दिसतात; त्यावरून हे कळते. फिलिपिन्समधला पांडाका आणि हिंद महासागरातला ट्रिमाटॉम हे गोबी जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे असूनही प्रौढ असतात. या गटात लांबी हा वयाचा पुरावा होऊ शकत नाही.

याहून भरवशाचे लक्षण म्हणून विसाव्या शतकात गालांवरच्या संवेदी अंकुरांच्या ओळी पुढे आल्या. गोबीच्या डोक्यावर पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या सूक्ष्म ठिपक्यांच्या रांगा असतात. इटलीच्या लुइजी सांझो यांनी १९११ मध्ये त्यांचा नकाशा मांडला. ग्लॉसोगोबियसच्या बाबतीत ही पद्धत कसोशीने वापरणारे संशोधक म्हणजे जपानचे त्या वेळचे युवराज आणि नंतरचे सम्राट अकिहितो. त्यांनी आणि मेगुरो यांनी १९७५ मध्ये ग्लॉसोगोबियस ऑरियस ही जाती गिउरिस आणि तिच्या जवळच्या जातींपासून वेगळी काढली. ऑरियस हा तोवर दृष्टीआड राहिलेला मासा नव्हता. तो लोकांच्या जाळ्यात आणि संशोधकांच्या बरण्यांत आधीपासूनच होता. ओळी नीट मोजल्यावर तो वेगळा दिसला. माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत बोलका धडा हाच आहे. खवले आणि किरण सारखे असूनही दोन जाती शेजारी राहू शकतात, हे रंगसूत्रांच्या किंवा जनुकांच्या आधाराशिवाय, केवळ भिंगातून सिद्ध झाले.

एक की अनेक

आता मुख्य प्रश्न. गिउरिस या नावाखाली आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून भारत, चीन आणि प्रशांत बेटांपर्यंतचे मासे नोंदले गेले आहेत. ही एकच जाती आहे असे मानणाऱ्यांचा आधार माशाच्या जीवनक्रमात आहे. गोबीची अंडी बारीक आणि संख्येने पुष्कळ असतात. बहुतेक जातींत ती दगडाखाली चिकटवलेली असतात आणि नर त्यांची राखण करतो. बाहेर पडलेली पिल्ले मात्र प्रवाहाबरोबर खाली जाऊ शकतात, आणि हा मासा गोडे, मचूळ, खारे असे सगळे पाणी सोसतो. समुद्रातून एका खाडीतून दुसऱ्या खाडीत पिल्ले जात राहिली तर नद्या वेगळ्या असूनही रक्त एकच राहील. शिवाय अंगाची मापे पाण्यानुसार बदलतात. थोड्या फरकांवरून नवी जाती काढणे म्हणजे नावांचा नुसता पसारा वाढवणे, अशी या बाजूची रास्त तक्रार आहे. एकोणिसाव्या शतकात तसे खरोखर झालेही. व्हॅलेंसिएन यांनी १८३७ मध्ये दिलेली कोकियस, कॅटेबस, कोरा ही नावे, नंतर साइक्स यांचे कुर्पा आणि डे यांचे स्ट्रायेटस ही सगळी आज गिउरिसच्या समनामांत आहेत. मागच्या पिढ्यांनी ही गर्दी साफ केली नसती, तर आज कुणाला काही शोधणेही शक्य झाले नसते.

अनेक जाती मानणाऱ्यांचा आधार दुहेरी आहे. एक म्हणजे ऑरियससारखी उदाहरणे : जिथे जिथे कोणी नीट पाहिले, तिथे गिउरिसच्या पोटातून वेगळी जाती निघाली. डग्लस होझे आणि जेराल्ड ॲलन यांनी २००९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतून याच प्रजातीच्या तीन नव्या जाती वर्णिल्या. सुलावेसीच्या मालिली तलावांतल्या बुटक्या ग्लॉसोगोबियसांचा आढावा २०१५ मध्ये आला. तलावांचे उदाहरण महत्त्वाचे आहे, कारण समुद्राशी संबंध तुटला की हा मासा गोड्या पाण्यातच पिढ्या काढतो आणि वेगळा होत जातो, हे त्यातून दिसते. दुसरा आधार जनुकांचा. पेशीतल्या तंतुकणिकांच्या जनुकद्रव्याचा सुमारे ६५० अक्षरांचा एक तुकडा ओळखपट्टी म्हणून वापरण्याची पद्धत २००३ पासून रुळली. एकाच नावाखालच्या माशांच्या ओळखपट्ट्यांत मोठी तफावत निघाली तर त्या नावाखाली छुप्या जाती असल्याची शंका येते.

इथे एकजातीवाद्यांचा आक्षेप मला मान्य आहे : ओळखपट्टीतला फरक म्हणजे जाती नव्हे. हे जनुकद्रव्य फक्त आईकडून येते, त्यामुळे जुना दुरावा त्यात शिल्लक राहू शकतो आणि अलीकडचा संकर त्यात दिसत नाही. शिवाय जनुकसंग्रहांत ‘गिउरिस’ म्हणून ठेवलेली पट्टी मुळात गिउरिसचीच होती का, हे ती देणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून असते. चुकीची ओळख एकदा संग्रहात शिरली की पुढचा प्रत्येक जण तिच्याशी ताडून तीच चूक करतो. पण या आक्षेपातून निष्कर्ष असा निघतो की जनुके, गालावरच्या ओळी आणि हाडे या तिन्ही साक्षी एकत्र मागाव्यात; जुने नाव बिनचौकशी ठेवावे, असा तो निघत नाही. तिन्ही साक्षी एका बाजूने बोलल्या तर वेगळी जाती मानायला हरकत नसावी. त्या एकमेकींशी विसंगत निघाल्या, तर एकच जाती आणि तिच्या भौगोलिक शाखा मानणे शहाणपणाचे.

नामकरणाचा पेच यापुढे येतो. समजा, दख्खनचा खरप्या खरेच वेगळा ठरला, तर त्याला काय म्हणायचे? नवे नाव देण्याआधी जुन्या समनामांतून, त्या माशाला लागू पडणारे सर्वांत जुने नाव शोधावे लागते. त्या रांगेत कुर्पा आहे, पण १८३७ ची नावे त्याच्या आधी उभी आहेत. ती ज्या किनाऱ्यांवरून आली तिथला मासा आणि दख्खनचा मासा एकच निघाला, तर खरपा हा शब्द पुन्हा मागे राहील. वेगळा निघाला, तर साइक्स यांनी टिपलेला मराठी शब्द पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी शास्त्रात परत येईल. आपल्या भाषेतला शब्द जिंकावा अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे, पण ती निकालात येता कामा नये. हे सारे ठरवण्याआधी गंगेतून गिउरिसचा एक नवा प्रमाण नमुना नेमावा लागेल. मूळ नमुना नसेल आणि गोंधळ खरा असेल, तर नियमांत तशी तरतूद आहे.

वरच्या पायरीवरचे बदल

कुलाच्या पातळीवरही गेल्या दोन दशकांत बरेच हलले आहे. त्याचा खरप्यावर थेट परिणाम थोडा, म्हणून थोडक्यात सांगतो. पूर्वी गोबी हे पर्च गणातले एक उपगण होते. आता गोबींचा स्वतंत्र गण मानला जातो आणि त्यात २००० हून अधिक जाती आहेत. क्रिस्टीन थॅकर यांच्या २००९ च्या मांडणीने जुन्या गोबी कुलाचे दोन भाग केले आणि २०१६ च्या ‘फिशेस ऑफ द वर्ल्ड’ या प्रमाणग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत ऑक्सुडर्सिडे आणि गोबिइडे अशी दोन कुले आली. मुंबईच्या खाडीत चिखलावर उड्या मारणारी निवटी पहिल्या कुलात गेली, खरप्या दुसऱ्यात राहिला. काही अभ्यासक अजूनही एकच मोठे कुल मानून आत उपकुले करतात. दोन फांद्या आहेत यावर दोघांचे एकमत आहे. फरक इतकाच की फांदीला कोणत्या पायरीचे नाव द्यायचे. हा वाद मला नोंदवहीचा वाटतो. खरप्या एक की अनेक, हा प्रश्न निसर्गातल्या वस्तुस्थितीचा आहे, म्हणून त्याचे वजन अधिक.

बुलढाण्याच्या पाण्याचा कस

आता घाटाकडे परत येऊ. खामगावच्या पाण्यातला खरप्या आणि मेहकरच्या पाण्यातला खरप्या यांच्यात जमिनीवरून अंतर थोडे आहे. पण पाण्याच्या वाटेने एकाला दुसऱ्याकडे जायचे तर तापीची सगळी लांबी उतरून, भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून, गोदावरीच्या मुखातून वर चढावे लागेल. समुद्रमार्गे रक्त मिसळते हे एकजातीवाद्यांचे म्हणणे खरे असेल, तर एवढा वळसा घेऊनही दोन्ही मासे सारखेच निघायला हवेत. नद्यांनी त्यांना वेगळे ठेवले असेल, तर फरक इथेच सर्वांत स्पष्ट दिसावा. त्यातच वाटेवर बंधारे आहेत. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा १८५२ पासून आहे. तापीवर उकाईचे धरण १९७२ मध्ये झाले, आणि चांगदेवच्या खाली हतनूरचे धरण आहे. तरीही वरच्या पाण्यात खरप्या टिकून आहे. त्याला वाढीसाठी समुद्र लागलाच असता तर तो इथून केव्हाच नाहीसा व्हायला हवा होता. यावरून निदान इथले मासे गोड्या पाण्यातच पिढी चालवतात असे मानणे भाग आहे, आणि ते मान्य केले की समुद्रमार्गे मिसळण्याचा आधार बराच सैल होतो.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही मोलाचे आहेत. पहिला असा की धरणांचे वय जातींच्या वयापुढे काहीच नाही; पन्नास किंवा दीडशे वर्षांत नवी जाती होत नाही. खरे आहे. धरणांमुळे जाती झाली असे कोणी म्हणत नाही. धरण फक्त एवढे दाखवते की हा मासा समुद्रावाचून जगू शकतो, म्हणजे धरणाच्या कितीतरी आधीही तो तसा जगत असू शकेल. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. दोन्ही बाजूंचे मासे सारखे निघाले तरी त्याची कारणे अनेक असू शकतात. घाटमाथ्यावर एका नदीने दुसरीचा उगम गिळला, तर मासे जमिनीवरून, समुद्राशिवाय, एका खोऱ्यातून दुसऱ्यात जातात. माणसानेही ही सरमिसळ केली आहे. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज आपल्या तलावांत सोडले जाते. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी प्रेरित प्रजननाची पद्धत यशस्वी करेपर्यंत हे बीज गंगा-बंगालच्या नद्यांतून गोळा होत असे, आणि नदीतल्या बीजात नको असलेली पिल्लेही येतात. त्यांत बेलेची पिल्ले आली असतील तर गंगेचा खरप्या वऱ्हाडच्या तलावात उतरला असेल. म्हणून तलावातले मासे आणि नदीतले मासे वेगळे तपासले पाहिजेत. बीज कधीच सोडले गेले नाही अशा वरच्या ओढ्यांतले मासे या चौकशीत सर्वांत मौल्यवान ठरतील.

आणखी एक गोष्ट या जिल्ह्यापुरती महत्त्वाची आहे. बुलढाण्यात पूर्णा दोन आहेत. घाटाखालची तापीला मिळते. घाटावरची, जिला खडकपूर्णाही म्हणतात, ती गोदावरीच्या खोऱ्यातली. बरणीवर ‘खरप्या, पूर्णा नदी, जिल्हा बुलढाणा’ एवढेच लिहिले असेल तर तो मासा कोणत्या समुद्राकडच्या पाण्यातला, हेच कळत नाही आणि या प्रश्नासाठी त्या नमुन्याचा उपयोग संपतो. संग्रहांतल्या चिठ्ठीवर गाव, तालुका आणि खोरे ही तिन्ही असलीच पाहिजेत.

उरलेले प्रश्न

तीन गोष्टी अनिर्णित आहेत. गिउरिसचा प्रमाण नमुना गंगेच्या कोणत्या भागातून आणि कोणत्या लक्षणांवर नेमायचा, हे ठरलेले नाही. दख्खनच्या पाण्यातला मासा किनाऱ्यावरच्या माशापासून वेगळा आहे का, आणि असेल तर कुर्पा हे नाव त्याला लागू होते का, हेही उघडे आहे. आणि तलावांत बीजाबरोबर आलेल्या माशांनी मूळ चित्र किती बिघडवले आहे, याचा हिशेब लावायचा आहे. यांपैकी पहिली गोष्ट देशपातळीवरची आहे. उरलेल्या दोन मात्र जिल्ह्याजिल्ह्यातल्या नमुन्यांशिवाय सुटणार नाहीत.

‘पोटाला सारखाच लागतो, मग नाव कशाला?’ हा प्रश्न मासे धरणाऱ्याने विचारला तर त्याला उत्तर देणे आपले काम आहे. आंतरराष्ट्रीय यादीत गिउरिस ‘फारशी चिंता नाही’ या वर्गात आहे, कारण त्याचा विस्तार अफाट धरला आहे. तो विस्तार चार-पाच जातींत वाटला गेला तर प्रत्येकीचा हिशेब नव्याने करावा लागेल, आणि एकाच खोऱ्यापुरती असलेली जाती यादीत सुरक्षित दिसत असताना नदीतून संपू शकेल. खरप्या वाळूचा मासा आहे. दगडाखाली अंडी, वाळूत शिकार. पात्रातली वाळू उपसली की त्याचे घरच जाते. ज्या माशाला आपण अजून नीट ओळखलेले नाही, त्याचे काय गेले हे नंतर कळणारही नाही.

नमुना घेणाऱ्यांना एवढीच विनंती. माशाचा ताजा फोटो काढा, पराचा एक बारीक तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा, आणि मगच उरलेला मासा फॉर्मॅलिनमध्ये घाला, कारण फॉर्मॅलिनने जनुकद्रव्य खराब होते. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, बरणीच्या आत टाका, आणि तिच्यावर पूर्णा कोणती ते स्पष्ट लिहा. खामगाव-बुलढाण्याच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्र विभागांनी घाटाखालून आणि घाटावरून असे वीस-वीस खरप्ये जमवून पुण्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्राकडे दिले, तर या प्रश्नाचे काम सुरू होईल.